मुलांसाठी लाकडी डुलता घोडा: कमान, सांधे आणि रंग

पाऊलवाट

दोन वर्षांच्या भाचीसाठी लाकडी डुलता घोडा स्वतः करावा असे बरेच दिवस मनात होते आणि आता त्याचा आराखडा कागदावर उतरला आहे. करवत, रंधा आणि ड्रिल यांची हाताला सवय आहे. स्टूल, मांडणी, छोटे टेबल असे सरळ रेषांचे काम यापूर्वी झाले आहे. घोड्यात मात्र जवळजवळ एकही रेघ सरळ नसते आणि त्यावर बसणारे मूल स्वतःचा तोल सांभाळायला अजून शिकतच असते. म्हणून लाकडाला करवत लावण्यापूर्वी आराखडा इथे मांडत आहे. जाणकारांनी तो निर्दयपणे तपासावा अशी विनंती आहे.

बैठक जमिनीपासून ३०० मिमी उंचीवर असेल. बैठकीची फळी ३८० मिमी लांब आणि १८० मिमी रुंद असून मागे पाठीला टेकू देणारी एक बुटकी, गोल कडांची फळी असेल. चार पाय किंचित बाहेरच्या बाजूला फाकलेले असतील आणि ते खालच्या दोन कमानींवर, म्हणजे घोडा ज्यांवर डुलतो त्या वक्र पट्ट्यांवर टेकतील. कमानींच्या बाहेरच्या कडांमधील अंतर ३२० मिमी ठेवले आहे. मान आणि डोके एका जाड फळीतून कापून बैठकीत बसवायचे आहे आणि मानेतून आरपार २५ मिमी व्यासाचा गोल दांडा हाताने धरण्यासाठी जाईल. पाय ठेवायला तसाच एक दांडा जमिनीपासून १२० मिमीवर असेल. रंगाच्या बाबतीत करड्या ठिपक्यांचा पांढरा घोडा डोळ्यांसमोर आहे.

माझे अडलेले मुद्दे तीन आहेत. कमानीची त्रिज्या किती घ्यावी, हा पहिला. कारण पाहिलेल्या प्रत्येक नकाशात ती वेगळी आहे आणि ती तशी का, हे कुठेच सांगितलेले नाही. कमान एका फळीतून कापावी, प्लायवूडची करावी की पातळ पट्ट्या वाकवून चिकटवावी, हा दुसरा. आणि हे मूल हाताला लागेल ते तोंडात घालते, तेव्हा रंग कोणता आणि कसा द्यावा, हा तिसरा.

लंबक

प्रश्नांचा क्रम अगदी योग्य आहे. अनेकजण आधी घोड्याचे डोके कोरण्यात रमतात आणि कमान शेवटी नजरेने आखतात. वास्तविक डोके कसेही असले तरी खेळणे चालते. कमान चुकली तर ते चालत नाही.

कमान ही एका मोठ्या वर्तुळाचा तुकडा आहे. त्या वर्तुळाचा मध्य घोड्याच्या वर हवेत कुठेतरी असतो. घोडा आणि मूल यांचा एकत्रित गुरुत्वमध्य, म्हणजे सगळे वजन जिथे एकवटले आहे असे मानता येते तो बिंदू, या वर्तुळमध्याच्या खाली असेल, तर घोडा कलला की आपोआप परत येतो. तो वर गेला, तर घोडा कलला की कलतच जातो. म्हणजे जमिनीपासून गुरुत्वमध्याची उंची कमानीच्या त्रिज्येपेक्षा कमी असणे ही पहिली अट, आणि ती नुसती कमी नव्हे तर बरीच कमी असावी.

तुमच्या मापांवर ढोबळ हिशोब करून पाहू. मूल १२ किलोचे आणि खेळणे ८ किलोचे धरले. बैठक ३०० मिमीवर आहे आणि बसलेल्या लहान मुलाचा गुरुत्वमध्य बैठकीच्या साधारण २०० मिमी वर असतो, म्हणून मुलाचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५०० मिमीवर आला. खेळण्याचा स्वतःचा २५० मिमीवर धरू. दोहोंचा मिळून तो ४०० मिमीवर येतो. आता मूल बैठकीवर उभे राहिले असे समजा. ते राहू नये म्हणून आपण कितीही सांगितले, तरी एखाद्या क्षणी ते उभे राहणारच. अशा वेळी एकत्रित गुरुत्वमध्य सुमारे ५७० मिमीपर्यंत चढतो. त्रिज्या ५०० मिमी असेल तर बसलेले मूल मजेत डुलेल आणि उभे राहिल्याबरोबर घोडा उलटेल. त्रिज्या ९०० मिमी असेल तर दोन्ही अवस्थांत घोडा परत येतो. माझ्या मते बसलेल्या अवस्थेतील गुरुत्वमध्याच्या दुपटीपेक्षा कमी त्रिज्या घेऊच नये. तुमच्यासाठी ९०० मिमी हे चांगले माप आहे.

मग त्रिज्या आणखी वाढवली तर अधिक सुरक्षित नाही का, असा प्रश्न येतो. एका मर्यादेपर्यंत तसे आहे, पण त्रिज्या वाढली की कमान सपाट होते आणि डुलणे लहान, भरभर आणि धक्क्याधक्क्याचे होते. ९०० मिमीला एक पूर्ण झोका साधारण सव्वा ते दीड सेकंदाचा बसेल, आणि हा ताल लहान मुलांना मानवतो. १५०० मिमीला तो सेकंदाच्या आत येतो आणि घोडा डुलण्याऐवजी थरथरल्यासारखा वाटतो.

दुसरी गोष्ट टोकांची. पूर्ण वर्तुळाचा कंस टोकापर्यंत तसाच नेला, तर ८५० मिमी लांबीच्या कमानीवर घोडा २८ अंशांपर्यंत कलू शकतो आणि लहान मुलासाठी हे फार झाले. म्हणून कंस मध्यापासून दोन्हीकडे १६ अंशांपर्यंतच ठेवा आणि पुढचे १५० मिमी त्याच स्पर्शरेषेत सरळ काढा. घोडा १६ अंशांवर पोहोचला की ही सरळ बाजू अख्खी जमिनीवर टेकते आणि पुढे कलायचे तर त्याला टोकावर उभे राहावे लागते. त्या क्षणी गुरुत्वमध्य टोकापासून सुमारे २८ सेंमी आत असतो, त्यामुळे मुलाने जोर लावूनही घोडा पालथा पडणे अवघड होते. एकूण लांबी ८५० ऐवजी ७८५ मिमीच्या आसपास येईल, तेवढी जागाही वाचेल.

आखणीसाठी एक मीटरपेक्षा थोडी लांब, सरळ लाकडी पट्टी घ्यावी. एका टोकाला बारीक खिळा मारून तो जमिनीवर टाकलेल्या फळीत रोवावा, तिथून बरोबर ९०० मिमीवर पट्टीला पेन्सिल जाईल एवढे भोक पाडावे आणि प्लायवूडवर एकाच संथ फेरीत कंस ओढावा. पेन्सिल भोकात सैल असेल तर रेघ दुहेरी उमटते. तशी उमटली तर दुसरे घट्ट भोक पाडून पुन्हा ओढावी. दोन्ही कमानी एकमेकींवर क्लॅम्पने आवळून एकत्रच कापाव्यात आणि एकत्रच घासाव्यात. त्या दोघींत एका मिलिमीटरचा फरक राहिला तरी घोडा डुलताना लंगडतो आणि हळूहळू एका बाजूला वळत जातो.

गुण्या

लंबक यांनी कमान सविस्तर सांगितली आहे, म्हणून मी लाकडावर लिहितो.

लाकूड तंतूंच्या दिशेने ताकदवान आणि तंतूंच्या आडवे कमकुवत असते, आणि या खेळण्यातील बहुतेक मोडतोड या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्याने होते. रुंद फळीतून वक्र कमान कापली, तर मधल्या भागात तंतू लांबीला धरून धावतात, पण टोकांकडे ते कडेतून बाहेर पडतात. तिथे लाकूड तंतूंच्या बाजूने सहज चिरते, आणि घोड्याचा सगळा धक्का नेमका टोकांवरच बसतो. म्हणून एका फळीतून कापलेली कमान मी नाकारेन.

उरलेल्या दोन पर्यायांत, तीन ते चार मिमी जाडीच्या पट्ट्या साच्यावर वाकवून, गोंद लावून आवळण्याची पद्धत सर्वांत देखणी आणि मजबूत आहे, कारण तिच्यात तंतू वाकासोबत वळतात. पण त्यासाठी आधी अचूक साचा हवा, भरपूर क्लॅम्प हवेत आणि साच्यातून काढल्यावर पट्टी थोडी उलगडते, तिचा अंदाज हवा. लंबक यांनी सुचवलेल्या सरळ टोकांसह तर हे काम आणखी किचकट होईल. पहिल्याच घोड्यासाठी १८ मिमीच्या चांगल्या प्लायवूडचे दोन थर एकमेकांना चिकटवून ३६ मिमी जाडीची कमान करावी. प्लायवूडमधले थर एकाआड एक काटकोनात असल्याने ते कोणत्याच दिशेला सहज चिरत नाही. मात्र आत पोकळ्या असलेले हलके प्लायवूड घेऊ नये. कापल्यावर कडेला भोके दिसली तर तो तुकडा इतर कामाला ठेवावा. एमडीएफचा, म्हणजे लाकडाचा भुगा गोंदात दाबून केलेल्या फळीचा विचार करू नये. त्याच्या कडेत स्क्रू धरत नाही आणि ओल लागली की ते फुगते.

हाच नियम पायांना लावा. पायाच्या लांबीत तंतू उभे असले पाहिजेत. मान आणि डोके एकाच फळीतून कापणार असाल, तर तंतू मानेच्या दिशेने ठेवा, कारण मूल सगळा भार त्या दांड्यावर टाकून मानच हलवणार आहे. अशा मांडणीत कान आडव्या तंतूंत येतात आणि ते पहिल्याच पडण्यात तुटतात. कान वेगळ्या तुकड्यातून, जाड आणि बुटके करावेत, किंवा सरळ रंगानेच दाखवावेत. मी दुसरा मार्ग घेईन.

लाकूड बीच, साग, शिसम असे घट्ट आणि सरळ तंतूंचे असावे. पाइन चालते, पण त्यातल्या गाठी सांध्यावर आणि दांड्याच्या भोकाजवळ येऊ देऊ नयेत. शिवाय पाइन मऊ असल्याने त्याचे मोजमाप थोडे जाड धरावे. लाकूड पुरेसे वाळलेले असणे जातीपेक्षाही महत्त्वाचे आहे. ओलसर लाकडाचा सांधा आज घट्ट बसतो आणि काही महिन्यांत लाकूड आकसून सैल होतो.

सांध्यांबद्दल माझे मत ठाम आहे: मुलाचा भार केवळ स्क्रूवर टांगता कामा नये. पायाच्या वरच्या टोकाला कुसू, म्हणजे खाचेत बसणारी पुढे आलेली जीभ, काढून तो बैठकीच्या खालच्या आडव्या पट्टीतील खाचेत बसवावा. ते जमत नसेल तर किमान १० मिमीच्या दोन लाकडी खुंट्या प्रत्येक सांध्यात घालाव्यात. फळीच्या तोडलेल्या टोकात, म्हणजे तंतूंच्या दिशेने मारलेला स्क्रू फारसा धरत नाही आणि झोक्यागणिक थोडा थोडा ढिला होत जातो. जिथे पाय कमानीला मिळतो तिथे आरपार बोल्ट घ्यावा. त्याचे डोके आत बुडवावे, आतल्या बाजूला सैल न होणारा नायलॉनचा नट लावावा आणि वर लाकडी बूच बसवावे. बूच मात्र दुरुस्तीसाठी उघडता येईल असे एका बाजूलाच असावे.

पाऊलवाट

लंबक आणि गुण्या, दोघांचे मनःपूर्वक आभार. परत येण्याची अट गुरुत्वमध्यावर आहे हे कळल्यावर निरनिराळ्या नकाशांतील त्रिज्या वेगवेगळ्या का, याचा उलगडा झाला. त्यांच्या बैठकीच्या उंचीच वेगळ्या होत्या. कमान दुहेरी प्लायवूडची आणि टोके सरळ, हे नक्की केले. एक शंका उरते: पाय फाकवायचे म्हणजे कुसू तिरका पडणार. बैठकीची पट्टी तिरकी घ्यावी, की पायाचे टोक तिरके कापावे?

गुण्या

पट्टीची बाजू तिरकी रंधावी आणि पाय सरळच बसवावा. असे केल्याने खाच त्या बाजूला काटकोनात पाडता येते, कुसूचे खांदे चौकोनी राहतात आणि गुण्या या काटकोन मोजण्याच्या अवजाराने तपासताही येतात. तिरकेपणा सगळ्या पायांना एकसारखा यावा म्हणून दोन्ही पट्ट्या एकाच वेळी रंधून घ्याव्यात. पाय पाच ते सात अंशांहून जास्त फाकवू नयेत.

अंगण

सुतारकामात मला गती नाही, पण लहान मुलांसोबत रोजचा वावर आहे, म्हणून इतर बाबींकडे लक्ष वेधावेसे वाटते.

घोड्यावर बसलेल्या मुलाइतकाच त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या मुलाचा विचार व्हायला हवा. कमानीखाली बोटे चिरडणे हा डुलत्या घोड्याचा एक नेहमीचा धोका आहे. कमानीची कड रुंद आणि गोलसर असावी आणि कमानींना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या जमिनीपासून पुरेशा वर असाव्यात, म्हणजे खालून पाऊल गेले तरी दाबले जाणार नाही. हलणाऱ्या भागांमधल्या फटींसाठी खेळण्यांच्या मानकांत एक सोपी कसोटी आहे: जिथे ५ मिमी जाडीची काडी जाते, तिथे १२ मिमी जाडीचीही गेली पाहिजे. म्हणजे फट एकतर बोट जाणार नाही इतकी बारीक असावी किंवा बोट सहज बाहेर येईल इतकी मोठी असावी. मधले माप बोट अडकवते.

डोळ्यांसाठी मणी किंवा बटणे अजिबात चिकटवू नयेत. लहान मुलांच्या खेळण्यातील कोणताही सुटा होऊ शकणारा भाग ३१.७ मिमी व्यासाच्या तपासणी-नळीत पूर्ण मावत असेल, तर तो घशात अडकण्याच्या धोक्याचा मानला जातो, आणि बटण त्यात निश्चितच मावते. डोळे रंगवावेत. आयाळ आणि शेपटी लोकरीची करायची असेल, तर धागे आखूड ठेवावेत. अगदी लहान मुलांच्या खेळण्यांत मोकळी दोरी २२० मिमीपेक्षा कमी ठेवण्याचा दंडक आहे आणि तो गळ्याभोवती फास बसण्याच्या भीतीतून आला आहे. लगामाची मोठी गाठवलेली दोरी तर टाळावीच; हातात धरायला दांडा आहेच.

आणि तो दांडा मानेच्या दोन्ही बाजूंना बाहेर येतो, तिथे त्याची टोके मोठी आणि गोल करावीत. मूल पुढे आपटले तर गाल किंवा डोळा नेमका तिथेच येतो.

लंबक

अंगण यांच्या मुद्द्यांना एक जोड देतो. युरोपमधील ईएन ७१ या मानकाच्या पहिल्या भागात डुलत्या घोड्यांसाठी स्वतंत्र कलम आहे. त्यानुसार बैठकीची उंची जास्तीत जास्त ६०० मिमी असू शकते, तिरप्या पृष्ठभागावर ठेवूनही घोडा उलटता कामा नये, आणि तीन वर्षांपुढील मुलांच्या खेळण्याने ५० किलोचा भार पेलला पाहिजे, तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्याने २५ किलोचा. घरगुती कामाला हे कोणी लावायला येत नाही, पण आपण स्वतः ही मापे पाळायला काहीच हरकत नाही. भारासाठी मी ५० किलोच धरेन, कारण मोठी भावंडे घोड्यावर बसतातच. तुमच्या घोड्याची रुंदी ३२० मिमी आहे आणि गुरुत्वमध्य ४०० मिमीवर आहे, तेव्हा बाजूला तो सुमारे २१ अंशांपर्यंत तग धरेल. हे पुरेसे आहे. बैठक पुढे कधी उंच केली तर रुंदीही त्याच प्रमाणात वाढवावी.

रंगपेटी

रंगाचा प्रश्न उरला आहे आणि तो सविस्तर लिहिण्यासारखा आहे.

प्रथम काय वापरू नये ते सांगतो. घरात उरलेला, कोणत्या वर्षीचा ते माहीत नसलेला तैलरंगाचा डबा मुलांच्या खेळण्याला लावू नये. जुन्या तैलरंगांत सुकण्याचा वेग वाढवण्यासाठी शिसेयुक्त द्रव्ये घालत, आणि झगझगीत पिवळा, नारिंगी व काही लाल छटांसाठी लेड क्रोमेट हे रंगद्रव्य वापरत. रंगातल्या शिशाची मर्यादा आज बऱ्याच देशांत ९० भाग प्रति दशलक्ष इतकी खाली आणलेली आहे. लहान मुलाच्या वाढत्या मेंदूसाठी शिशाची सुरक्षित मात्रा अशी कोणतीच नाही, आणि मूल हे दांड्याचे टोक चघळणार हे आपण गृहीत धरले आहे. खेळण्यांसाठी योग्य असा, ईएन ७१ च्या तिसऱ्या भागाचा किंवा आयएसओ ८१२४ या खेळण्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा उल्लेख डब्यावर असलेला पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग घ्यावा. 'बिनविषारी' एवढाच शब्द पुरेसा मानू नये.

रंगाचे निम्मे यश घासण्यात असते. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने करवतीच्या खुणा घालवाव्यात, मग १२० आणि १८० नंबरने तंतूंच्या दिशेनेच घासावे. यानंतर पुष्कळजण थेट अस्तर, म्हणजे मूळ रंगाआधीचा पहिला हात लावतात आणि पृष्ठभाग पुन्हा खरखरीत का झाला म्हणून चिडतात. पाण्याच्या स्पर्शाने लाकडाचे दबलेले तंतू उभे राहतात. म्हणून ओलसर फडक्याने सगळे लाकूड एकदा पुसून घ्यावे, पूर्ण वाळू द्यावे आणि उभे राहिलेले तंतू २४० नंबरने हलकेच काढून टाकावेत. मग पाण्याचा रंग लावला तरी ते पुन्हा फारसे उठत नाहीत. कडा किमान ३ मिमी गोल कराव्यात. ते सुरक्षेसाठी तर आहेच, पण धारदार कडेवर रंग टिकतच नाही. तिथून तो मागे सरकतो, पातळ होतो आणि पहिला टवका तिथेच उडतो.

पाइन वापरले तर गाठींवर चपडी लाखेचा एक हात द्यावा, नाहीतर त्यातली राळ पांढऱ्या रंगातून काही महिन्यांत पिवळी उमटते. प्लायवूडच्या कडा रंग शोषतात, म्हणून तिथे बारीक लांबी (पुट्टी) भरून, वाळल्यावर घासून घ्यावी. मग अस्तराचा एक हात, ३२० नंबरने हलकी घासणी, आणि मूळ रंगाचे दोन पातळ हात. जाड एक हात कधीच नको. तो वरून वाळतो, आत मऊ राहतो आणि उन्हात फोड धरतो. चिकटवायच्या सांध्यांवर रंग जाऊ देऊ नये, कारण गोंद लाकूड धरतो, रंग धरत नाही. तिथे आधीच कागदी टेप लावावी.

आता करडे ठिपके, कारण त्यांच्यामुळेच हा घोडा जिवंत दिसतो. खऱ्या करड्या घोड्याच्या अंगावर गडद ठिपके नसतात. गडद केसांच्या जाळीत फिकट गोल उमटलेले असतात. त्यामुळे पांढऱ्यावर करडे टिपके मारत गेलात तर घोडा न वाटता दुसराच प्राणी तयार होतो. पांढरा थर पूर्ण वाळल्यावर मध्यम करडा रंग पाणी घालून दुधाइतका पातळ करावा. कापसाचा बोळा जुन्या सुती फडक्यात घट्ट बांधून तो रंगात बुडवावा आणि कागदावर इतका टिपून घ्यावा, की हाताला जवळजवळ कोरडा लागेल. मग अंगठ्याच्या पेराएवढा गोल मोकळा सोडून त्याच्या भोवतीने टिपत जावे, शेजारी दुसरा गोल सोडावा आणि मधल्या जागा भराव्यात. गोल एकसारखे काढू नयेत. पुठ्ठ्यावर, म्हणजे घोड्याच्या मागच्या भरदार भागावर आणि खांद्यावर ते मोठे आणि दाट असतात. पोटाकडे आणि मानेकडे ते लहान आणि विरळ होत नाहीसे होतात. गुडघ्यांपासून खाली पाय सरसकट गडद करावेत. प्रत्येक थोड्या वेळाने चार पावले मागे जाऊन पाहावे, कारण जवळून जे विस्कळीत वाटते तेच लांबून मऊ दिसते. आधी टाकाऊ फळीवर हात बसवून मगच घोड्याला हात लावावा.

वरून पाण्यातल्याच पारदर्शक वॉर्निशचे दोन हात द्यावेत. रंग तासाभरात हाताला कोरडा लागतो, पण पूर्ण कडक व्हायला त्याला दोन ते चार आठवडे लागू शकतात. पोटाखाली न दिसणाऱ्या जागी नख दाबून पाहावे. खूण उमटत असेल तर घोडा अजून मुलाकडे द्यायचा नाही.

सागवान

मला थोडा वेगळा विचार मांडायचा आहे. चांगल्या लाकडाचा घोडा केला, तर त्यावर रंग चढवावाच का? तेल आणि मेण दिलेले लाकूड हाताला उबदार लागते, त्यावर सोलण्यासारखा थरच नसतो आणि काही वर्षांनी नुसते घासून पुन्हा तेल दिले की काम झाले. शुद्ध जवसाचे तेल आणि मधमाश्यांचे मेण एवढ्यावर सगळे भागते.

रंगपेटी

सागवान यांच्या मताचा मला आदर आहे आणि अर्ध्या भागात मी त्यांच्याशी सहमत आहे. हाताचा दांडा आणि त्याची टोके रंगवूच नयेत. सर्वाधिक चघळली जाणारी आणि घासली जाणारी जागा तीच आहे आणि तिथे कोणताही रंग लवकर उडतो. तिथे तेल आणि मेणच उत्तम. उरलेल्या घोड्याचा विचार करता कमान प्लायवूडची आहे, पाय वेगळ्या लाकडाचे असू शकतात, आणि रंग ह्या सगळ्यांना एकजीव करतो. शिवाय पाऊलवाट यांना ठिपक्यांचा घोडा हवा आहे, आणि मुलांनाही रंगाचा आनंद असतोच.

तेल वापरणाऱ्यांनी दोन गोष्टी जाणून घ्याव्यात. कच्चे जवसाचे तेल वाळायला कित्येक दिवस, कधी आठवडे घेते. जे 'उकळलेले' म्हणून मिळते ते लवकर वाळते, पण ते बहुधा त्यात घातलेल्या धातूंच्या क्षारांमुळे, म्हणून मुलांच्या वस्तूला ते नको. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे: जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडते, आणि तेल पुसलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप पेट घेऊ शकतात. ती मोकळ्या हवेत एकेक पसरून पूर्ण वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

अंगण

कमानीच्या खाली रबराची पट्टी लावावी का? फरशीवर घोडा हळूहळू पुढे सरकत जातो, असा आमचा अनुभव आहे.

लंबक

कमानीचा घोडा सरकतोच, कारण मूल पुढे-मागे सारख्याच जोराने झेप घेत नाही. याच कारणाने एकोणिसाव्या शतकात कमानीऐवजी लोखंडी सळयांवर टांगलेला, जागच्या जागी झुलणारा घोडा पुढे आला; अशा स्टँडचे पेटंट अमेरिकेतील सिनसिनाटीच्या फिलिप मार्क्वा यांनी १८८० साली घेतले. त्यात स्टँड जमिनीवर स्थिर राहतो, जागा कमी लागते आणि बोटे चिरडणारी कमानच नसते. पण सळया, त्यांच्या कड्या आणि त्या धरणारे ब्रॅकेट यांचे लोहारकाम नेमके जमायला हवे, म्हणून पहिल्या घोड्याला मी ते सुचवणार नाही.

रबराची पट्टी लावायची असेल तर ती पातळ असावी आणि पूर्ण लांबीत चिकटवावी, टोके कमानीच्या वरच्या बाजूला वळवून दाबावीत. अर्धवट सुटलेली पट्टी मुलाच्या हाती लागली तर ते ती ओढून तोडते आणि तोंडात घालते. माझी स्वतःची पसंती घोड्याखाली चटई घालण्याला आहे. सरकणे थांबते, आवाज कमी होतो, आणि मूल पडले तरी खाली काहीतरी असते.

पाऊलवाट

सर्वांच्या सूचनांनुसार आराखडा नव्याने आखला आहे. कमानीची त्रिज्या ९०० मिमी, टोके सरळ, दुहेरी प्लायवूड. पाय कुसूने, बीच लाकडाचे. कान रंगवलेले, डोळे रंगवलेले, आयाळ कोरलेली. अंग करडे ठिपकेदार आणि दांडे फक्त तेल-मेणाचे. पाठीचा टेकू बोल्टने बसवणार आहे, म्हणजे मूल मोठे झाल्यावर तो काढता येईल. रंगवण्यापूर्वी कोरा घोडा जोडून त्याची भाराची परीक्षा घ्यावी असे मनात आहे. ती कशी घ्यावी, एवढे सांगावे.

गुण्या

अवश्य घ्यावी, आणि रंगाआधीच घ्यावी, कारण रंगानंतर चीर दिसत नाही. वाळूच्या पिशव्या करून ५० किलो भार बैठकीवर दोरीने पक्का बांधावा. घोडा एका बाजूने पूर्ण टेकेपर्यंत ढकलावा, सोडावा, आणि असे बराच वेळ चालू द्यावे. या वेळी आपले कान सांध्यांकडे असावेत. लाकडावर लाकूड घासल्याची करकर येत असेल तर कुठला तरी सांधा हलतो आहे. एकेका सांध्यावर बोट ठेवून तो शोधावा, बोटाला हालचाल डोळ्यांआधी कळते. मग भार उतरवून हाताच्या दांड्याला धरून मान सर्व दिशांनी जोराने हलवून पाहावी. सगळे शांत राहिले तर बोल्ट पुन्हा एकदा आवळून रंगाला घ्यावे. घोडा वापरात आल्यावर महिन्याभराने बोल्ट पुन्हा तपासावेत, कारण नवे लाकूड घरच्या हवेत स्थिरावताना थोडे आकसते, आणि त्यानंतर दर ऋतूबदलाला एकदा तपासले तरी पुरते.